सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन (बेळगाव सीमाभाग)

संगणकावर नवे सॉफ्टवेअर टाकून ते वापरण्याजोगे करण्याची क्रिया. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लग्नपत्रिकेपासून अर्जापर्यंत मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात. त्यामुळे पडद्यावर दोन्ही लिप्या नीट उमटेपर्यंत इथे कोणतेही सॉफ्टवेअर पुरते बसलेले नसते. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांपैकी कोणत्या प्रणालीवर हे सोपे, ते मोजायचे इथपर्यंत.

विंडोजवर सेटअप फाइल उघडून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेले की काम होते. अवघड आहे ते खरी फाइल शोधणे. डाउनलोडची नकली बटणे आणि ‘क्रॅक’ (परवाना तोडलेल्या) आवृत्त्यांतून येणारे व्हायरस यांचा त्रास नवख्यालाच जास्त होतो. सॉफ्टवेअरचे पॅकेज (बांधून ठेवलेला संच) टंकलेल्या आदेशाने नेटवरून उतरवून घेणारे विंडोजचे साधन ‘विंगेट’ २०२१ मध्ये स्थिरावले, तरी सेटअप पेनड्राइव्हवरून नेण्याची सवय टिकून आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात नेट गेले की तीच कामी येते.

मॅकवर बहुतेक वेळा आयकॉन ओढून ‘अ‍ॅप्लिकेशन्स’मध्ये टाकला की झाले; २०१२ पासून ‘गेटकीपर’ ही मॅकची सुरक्षा-सोय निर्मात्याची डिजिटल सही तपासते.

लिनक्सची पद्धत सर्वांत शहाणपणाची. उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर ‘अ‍ॅप्ट’ला नाव सांगितले की ते रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन भांडारातून) सॉफ्टवेअर आणते, त्याला लागणारी इतर पॅकेजेही आणते आणि पुढे सगळ्यांचे अपडेट एकत्र करते. नेट नसेल तर मात्र एकट्या डेब फाइलने (उबंटूच्या पॅकेजच्या फाइलने) भागत नाही; ती आणखी चार पॅकेजे मागते. अशा वेळी एकाच फाइलमध्ये सारे घेऊन येणारे ‘अ‍ॅपइमेज’ बरे.

लिप्यांची अडचण जुनी आहे. विंडोज एक्सपीत (२००१) ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या (देवनागरी, कन्नड यांसारख्या जोडाक्षरी लिप्यांच्या) चौकटीत टिक करावी लागे. मग संगणक एक्सपीची मूळ सीडी मागे आणि शेवटी रीस्टार्ट. हे राहून गेले तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडे, जोडाक्षरे पाय मोडून सुटी होत. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून हा आधार मुळातच मिळाला. युनिकोड (सर्व लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमधला मजकूर मात्र आजही अडतो: दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर रोमन चिन्हांची रांग दिसते. फॉन्ट लिनक्सवर सहज टाकता येतो, पण त्यासोबतचा कीबोर्ड प्रोग्राम बहुधा विंडोजपुरताच असतो. जुन्या फाइली सांभाळणारे डीटीपीवाले (छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवणारे) विंडोज सोडत नाहीत, ते यामुळे. नव्या मजकुरासाठी युनिकोडच वापरावा.

कन्नड टंकण्यासाठी ‘नुडी’ आणि ‘बरह’ ही सॉफ्टवेअरे प्रसिद्ध आहेत. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी व कन्नडचे फोनेटिक (रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टंकायचे) कीबोर्ड अंगभूत आहेत. दोन्ही भाषांत टंकणाऱ्याने मात्र इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड शिकावा. त्यात ‘क’ मराठीत ज्या कळीवर, कन्नडमध्येही त्याच कळीवर असतो आणि तिन्ही प्रणालींत हा कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो.