गारांच्या आधी येणारा गार वारा

गारपिटीनंतर पांढरंफेक झालेलं शिवार पाहून कुणीतरी 'काश्मीर' म्हणतंच. २०१४च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्याला गारांनी झोडपलं, तेव्हा ज्यांचा गहू-हरभरा काढणीला आला होता त्यांना त्यात गंमत वाटायचं कारण नव्हतं. शास्त्राच्या बाजूनं मात्र ही तुलना अगदीच वावगी नाही.

गार आणि हिम एकाच घरची. हिवाळ्यात सायबेरियाची कोरडी, थंड हवा जपानच्या समुद्रावरून जाताना खालच्या उबदार पाण्यामुळे ढग उभे राहतात. उंची जेमतेम दोन-तीन किलोमीटर, पण जमिनीपर्यंत थंडी असल्यानं हिम हिमच राहून उतरतं. आपल्याकडे तापलेली जमीन, समुद्राकडून आलेला ओलावा आणि वरून वाहणारी थंड हवा जुळून आली की ढग दहा किलोमीटरच्याही वर जातो. वर बर्फाचे कण आहेतच. काही वितळून पाऊस होतात, काहींवर अतिथंड, म्हणजे शून्याखालीही न गोठलेल्या, पाण्याचे थर चढून गारा होतात.

गारांच्या आधी वारं फिरतं आणि अंगाला गारवा झोंबतो. गंजी झाकायला धावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. विज्ञानाला त्याची नीट मोजमापं मिळाली ती १९४६-४७ मध्ये. अमेरिकेत होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम या हवामानशास्त्रज्ञांनी फ्लोरिडा व ओहायोत वादळी ढगांत चक्क विमानं घातली. त्यातून उलगडलं की ढगाच्या पोटातलं पाणी-बर्फ पडू लागलं की ते हवेलाही खाली ओढतं. शिवाय एक ग्रॅम बर्फ वितळताना भोवतालच्या हवेतून ८० कॅलरी उष्णता घेतो. थेंबांच्या बाष्पीभवनाला तर त्याच्या कैक पट लागते. हवा गार होते, जड होते आणि कोसळते. जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तोच आपला गार वारा.

त्याच १९४७ साली जपानमध्ये तेत्सुया फुजिता हे संशोधक सेफुरी डोंगरावरच्या नोंदींवरून स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले होते. पुढे बायर्सनीच त्यांना शिकागोला बोलावलं. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कला उतरताना एक प्रवासी विमान कोसळलं. त्याचा दोष फुजितांनी अशाच कोसळणाऱ्या हवेला दिला, तेव्हा अनेक तज्ज्ञांना ते पटलं नाही. पुढच्या काही वर्षांत रडारनं त्यांचं म्हणणं खरं ठरवलं.

विमानतळांना त्यातून इशारा देणारी यंत्रं मिळाली. शिवारात अजून झुळूकच आधी पोचते, आणि ती आली की हाताशी काही मिनिटंच उरलेली असतात.