आपल्या पैशांवर पेपर चालतो?

‘आम्ही पैसे मोजून पेपर घेतो, मग त्यात एवढ्या जाहिराती कशाला?’ ही तक्रार जुनी आहे. तिच्यामागचा समज मात्र चुकीचा. आपण देतो त्यातून विक्रेत्याचं कमिशन आणि वाहतूक वजा केली, तर उरलेल्यात बहुतेक दैनिकांचा कागद आणि छपाईही भागत नाही. बातमीदाराचा पगार तर दूरच! तो खड्डा जाहिराती भरतात.

हे आजचंही नाही. पुण्याचा ‘सकाळ’ १९६० च्या सुमारास ७ नव्या पैशांना मिळे, आणि सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींची असे. पानांनुसार किंमत आणि जाहिरातींची जागा ठरवू पाहणाऱ्या सरकारी कायदा-आदेशाविरुद्ध ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये जिंकला. न्यायालयाचा मुद्दा साधा होता: जाहिराती घटल्या की किंमत वाढणार, किंमत वाढली की खप पडणार, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच घाला.

याची दुसरी बाजू अर्थातच आहे. खड्डा भरणारा सरकारी खातं किंवा मोठा बिल्डर असेल, तर त्याच्याविरुद्धची बातमी छापताना संपादकाचा हात आखडतो. म्हणून काही बातम्यांची संकेतस्थळं आता थेट वाचकांकडून वर्गणी घेतात. ती पेपरच्या बिलापेक्षा महाग वाटते, कारण तिच्यात जाहिरातदाराचा वाटा नसतो.