वनस्पतिभक्षी कीटकांचे संख्यानियंत्रण

वनस्पतींवर जगणाऱ्या कीटकांची संख्या किती वाढते, हे त्यांना मिळणाऱ्या झाडाच्या प्रतीवर आणि त्यांना खाणाऱ्या नैसर्गिक शत्रूंवर ठरते. शाकाहाऱ्यांना भक्षक आवरून धरतात म्हणूनच जग हिरवे राहते, अशी मांडणी हेअरस्टन, स्मिथ व स्लोबोडकिन या परिस्थितिकीशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये केली. हिरवे दिसणारे सगळेच खाण्याजोगे नसते, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप आहे. खानदेशातील कपाशीकडे पाहता दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते.

युरिया जास्त झालेल्या कपाशीला काळोखी (गर्द हिरवा रंग) येते, पाने लुसलुशीत होतात आणि रसातील नत्रयुक्त द्रव्ये वाढल्याने मावा व तुडतुडे फोफावतात. माव्याची मादी नराविना थेट पिल्ले देत असल्याने माव्याला खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्या बऱ्याचदा उशिरा पोहोचतात. शिवाय माव्याने टाकलेल्या गोड चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात, ते वेगळेच. तरीही पान उलटून पाहिले, तर जिवंत माव्यांत काही फुगलेले, कागदासारखे कोरडे मावे आढळतात. चिमुकल्या परजीवी गांधीलमाशीच्या अळीने ते आतून खाल्लेले असतात, आणि पाठीवर गोल भोक दिसले तर माशी उडून गेली असे समजावे.

झाडाचा गुण शत्रूच्या कामातही ढवळाढवळ करतो. पानांवरची दाट लव तुडतुड्यांना अंडी घालू देत नाही, पण पांढऱ्या माशीला ती मानवते आणि पानावर किडींची अंडी शोधत फिरणाऱ्या ट्रायकोग्रामा या चिमुकल्या परजीवी माशीची वाट अडवते. म्हणून लवदार वाण सरसकट चांगला ठरत नाही.

गुलाबी बोंडअळीची गोष्ट निराळी आहे. अंड्यातून निघताच ती पात्यांत (कळ्यांत), फुलांत किंवा बोंडात शिरते. पाकळ्या आतून जखडून फुलाची डोमकळी होते, आणि आतल्या अळीपर्यंत बहुतेक शत्रू पोहोचत नाहीत. येथे झाडाची बाजूच निर्णायक ठरते. २००२ पासून देशात लावल्या जाणाऱ्या बीटी कपाशीने (जिवाणूचे जनुक घातल्याने अळीला मारक प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या वाणांनी) झाडाचीच प्रत बदलली होती, परंतु पुढे या अळीत प्रतिकारशक्ती आली. त्यात पाणी देऊन फरदड धरली (वेचणीनंतरही पीक शेतात ठेवून पुन्हा बोंडे घेतली), की डिसेंबरनंतरही तिला बोंडे मिळत राहतात. आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवल्या, तर त्यांवरच्या नीट न उमललेल्या, किडक्या कवडी बोंडांत सुप्तावस्थेत राहिलेली अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.