हिवतापाचा डास वेगळा, डेंग्यूचा वेगळा

लातूर असो, जालना असो की छत्रपती संभाजीनगर, नळाला रोज पाणी येत नाही हे आपल्याकडं आता अंगवळणी पडलंय. कुठं चार दिवसांनी, कुठं आठवड्यानं. पाणी आलं की टिपाड, हौद, रांजण, घागरी, हाताला लागेल ते भरून ठेवायचं. आणि गल्लीत डेंग्यूचा रुग्ण निघाला की पहिली मागणी होते ती नाली साफ करा, धूर मारा, अशी. नाल्या साफ व्हायलाच हव्यात. पण नालीच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. डेंग्यूचा एडिस त्या नुकत्याच भरलेल्या टिपाडात वाढतो आणि हिवतापाचा ॲनाफिलिस बहुतेक करून गावाबाहेर.

ॲनाफिलिस आधी पाहू. खेड्यापाड्यात हिवताप पसरवणारी याची मुख्य जात कालव्याच्या पाझरात, ओढ्याच्या डबक्यात, पावसानं साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. म्हणून पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने हिवतापाचे. ही मादी रात्री चावते आणि तिला माणसापेक्षा गुरांचं रक्त जास्त आवडतं. भिंतीवर बसली की शेपटाकडची बाजू वर उचललेली, अंग तिरकं, पंखांवर ठिपके. शहरात हिची दुसरी एक जात गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींतही वाढते, त्यामुळं शहरवाल्यांनी हिवताप खेड्यातलाच आजार समजू नये.

एडिसचा सगळा कारभार घरात. काळं अंग, पायांवर पांढरे पट्टे, आणि चावायची वेळ दिवसाची, त्यातही सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी. खुंटीवरचे कपडे, पलंगाखालची अंधारी जागा, पडद्याची मागची बाजू ही त्याची बसायची ठिकाणं. रस्त्यावरून गेलेला धूर तिथवर पोहोचतच नाही. माणसाचं रक्त त्याला फार प्रिय, आणि दिवसा आपण हलत राहिल्यानं त्याचं पोट एका ठिकाणी भरत नाही, मग तो एकामागून एक घरातल्या दोघातिघांना चावतो. उडतो तोही फार लांब नाही, साधारण शे-दोनशे मीटर. म्हणजे तुमच्या घरी चावणारा डास बहुधा तुमच्या किंवा शेजारच्याच घरी जन्मलेला असतो.

आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच्या अंड्यांची आहे. ॲनाफिलिस पाण्यावर तरंगणारी अंडी सोडते, पाणी आटलं की ती फार टिकत नाहीत. एडिसची मादी मात्र पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. काजळीच्या कणांएवढी, काळी. टिपाड रिकामं झालं, कूलर उन्हाळा संपल्यावर माळ्यावर टाकला, तरी ती कोरडी अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. डेंग्यूचा विषाणू काही वेळा मादीकडून अंड्यातही उतरतो. हिवतापाचा परजीवी तसा उतरत नाही. म्हणून दुष्काळात डेंग्यू कमी होईल ही समजूत चुकीची आहे. टंचाई जितकी जास्त तितकं पाणी जास्त दिवस साठवलं जातं, आणि उकाड्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

टिपाडाचं झाकण काढून बॅटरीचा उजेड टाका. वळवळणाऱ्या आळ्या डोकं खाली आणि शेपूट वर पाण्याच्या पृष्ठभागाला अशा लटकलेल्या दिसल्या आणि सावली पडताच तळाला पळाल्या, तर बहुधा एडिस. शेतातल्या डबक्यात काडीच्या तुकड्यासारखी पाण्याला समांतर आडवी पडलेली दिसली तर ॲनाफिलिस. एडिसच्या आळ्या निघाल्या तर पाणी नुसतं ओतून भागत नाही. आतली भिंत काथ्यानं घासायची, ते पाणी नालीत नाही तर कोरड्या मातीवर टाकायचं आणि भांडं उन्हात वाळवायचं. आशाताई कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून वाळवा म्हणतात त्यामागं हे आठ-दहा दिवसांचं गणित आहे. मोठा हौद रिकामा करता येत नसेल तर त्यात आळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. झाकण सैल असेल तर वरून धोतराचं जुनं कापड ताणून बांधलं तरी चालतं.

डासाच्या पोटात जे घडतं तेही निराळं. हिवतापाच्या परजीवीचे नर-मादी तिथंच एक होतात, आतड्याच्या भिंतीवर गाठी धरतात, त्या फुटून हजारो पिल्लं लाळेच्या ग्रंथीत जातात. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात याच गाठी पाहिल्या. मराठवाडाही तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. डेंग्यूच्या विषाणूचं असं काही नसतं. तो आतड्याच्या पेशींत शिरून नुसती आपली संख्या वाढवतो आणि लाळेत उतरतो. एडिस चिकुनगुन्याही पसरवतो. शेजारच्या बार्शीत १९७३ साली त्याची मोठी साथ आली होती.

दवाखान्यात हा फरक जिवावरचा ठरू शकतो. हुडहुडी भरून थंडी, मग ताप, मग दरदरून घाम, तोही कधी दिवसाआड, असं असेल तर काचपट्टीवर रक्त तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-१ रक्तचाचणी उपयोगी, नंतर प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. डेंग्यूचा संशय असेल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेननं रक्तस्राव वाढू शकतो. आपल्याकडं सगळं लक्ष ‘पेशी किती झाल्या’, म्हणजे प्लेटलेट किती, याकडं असतं. खरा धोका रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा, आणि तो नेमका ताप उतरल्यावर, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येतो. पोट दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, यातलं काही दिसलं तर पेशींच्या रिपोर्टची वाट न बघता रुग्णाला घेऊन निघावं.

हिवतापात धोका निराळा, ताप परत येण्याचा. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्यासाठी दिलेल्या प्रायमाक्विनच्या गोळ्या, बरं वाटलं तरी, चौदा दिवस पूर्ण घ्याव्या लागतात. गरोदर बाईला मात्र त्या देत नाहीत, म्हणून गरोदर असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं.