लोखंडाला वळण लावणारा कारखाना

‘क्रँकशाफ्ट ना? साच्यात लोखंड ओतलं की झाला!’ असं इंजिनिअरिंगची मुलंही बिनधास्त सांगतात. ट्रकचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल चाकांसाठी गोल फिरवणारा इंजिनातला वळणदार दांडा, सहसा ओतत नाहीत, तापवून ठोकून घडवतात. नीळकंठराव कल्याणींनी १९६१ साली भारत फोर्ज काढली ती याच कामासाठी. पुण्याजवळ मुंढव्याला १९६६ मध्ये उत्पादन सुरू झालं.

ड्रॉप फोर्जिंग हे लोहाराच्या घणाचंच काम, फक्त आकारासाठी डाय, म्हणजे आकार कोरलेला पोलादी ठोकळा असतो. साधारण १,२०० अंश सेल्सियसला तापलेलं पोलाद खालच्या डायवर ठेवायचं आणि वरची डाय बसवलेलं वजन त्यावर सोडायचं. एक टन वजन मीटरभर पडून पाच मिलिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी बल होतं सुमारे २०० टन. स्थितिज ऊर्जेला अंतराने भागून पाहा. डायच्या फटीतून बाहेर आलेला जादा माल म्हणजे फ्लॅश; तो नंतर छाटतात.

पण खरी गंमत बलात नाही. पोलादात मँगनीज सल्फाइडचे बारीक कण असतात. धातू दाबाखाली जिकडे सरकतो तिकडे ते ताणले जातात. धातूचे स्फटिक त्या तापमानाला पुन्हा नव्याने, बारीक तयार होतात (पुनर्स्फटिकीकरण), पण ताणलेल्या कणांच्या रेघा टिकतात. घडीव क्रँकशाफ्ट उभा कापून गरम हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला की त्या दिसतात, प्रत्येक वळणाबरोबर वळलेल्या. सुतार नांगरासाठी मुळातच वाकलेली बाभळ शोधायचे, ते याचसाठी: लाकडाच्या रेषाही वळणाबरोबर जातात. सरळ दांडा कातून तोच आकार काढला तर रेघा कापल्या जातात, त्यांची टोकं उघडी पडतात. मग जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि वेब (जर्नलना जोडणारा पाखा) जुळतात त्या गोलसर कोपऱ्यापाशी, म्हणजे फिलेटपाशी, जिथे ताण आधीच एकवटलेला असतो, तिथे धातूच्या थकव्याची (पुन्हापुन्हा ताण पडून येणारी) भेग धरायला सोपं जातं.

ओतीव म्हणजे टाकाऊ, असंही नाही. कित्येक पेट्रोल गाड्यांत नोड्युलर बिडाचे (ज्यातलं ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं अशा ओतीव लोखंडाचे) क्रँकशाफ्ट मजेत चालतात.

खंडेनवमीला हॅमरला, म्हणजे वजन सोडणाऱ्या त्या यंत्राला, झेंडूचा हार घाला, शोभतो. पण पृष्ठभागावरची केसाएवढी भेग चुंबकीय कणांच्या चाचणीत सापडते, नारळ फोडून नाही.

हॅमरवर किती ठोके द्यायचे हे कारागिराची नजर ठरवायची. १९९० च्या सुमारास नीळकंठरावांचे चिरंजीव बाबा कल्याणींनी जर्मनीतून वाइनगार्टेन कंपनीचा १६,००० टन दाब देणारा प्रेस आणला. माझ्या मते कंपनीच्या इतिहासातला हाच मोठा जुगार. प्रेसवर एका डायमध्ये एकच दाब. रॅमची (वरची डाय दाबणाऱ्या भागाची) चाल ठरलेली असते, त्यामुळे नगामागून नग सारखा निघतो. पुढे कंपनीने जर्मनीतलीच कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी विकत घेतली.