पार्श्वभूमी : गोव्याच्या पाण्यात कधी उतरावं, कधी नाही

गोव्यात समुद्रावर हवापालटाला जायची रीत पर्यटनाच्या कितीतरी आधीची. पोर्तुगीज काळात पणजी-म्हापशाची कुटुंबं एप्रिल-मे महिन्यांत कळंगुटला बिऱ्हाड हलवायची. त्याला ‘मुदांसा’ म्हणत. खारं पाणी अंगाला चांगलं म्हणून कमरेएवढ्या पाण्यात बसायचं, पोहायला आत फारसं कुणी जायचं नाही. पावसाळा लागला की होड्याही वर ओढून ठेवल्या जात, आणि चार महिने समुद्राच्या वाटेला जायचं नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असे.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. साठ-सत्तरच्या दशकांत हणजूण, वागातोरला हिप्पी आले. १९८२ मध्ये गोवा पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं, पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल परिषदेला आलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात उतरले, आणि त्याच दशकात युरोपातून थेट चार्टर विमानं येऊ लागली. हे पाहुणे यायचे ते नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे समुद्र सर्वांत शांत असताना. देशी पर्यटक वाढले तसं हे गणित बदललं. ते सुट्टी मिळेल तेव्हा येतात, जून-जुलैतही, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत नाही. किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची सलग व्यवस्था उभी राहिली ती २००८ मध्ये. माझ्या मते गोव्याच्या पर्यटनाच्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं पाऊल, आणि ते फार उशिरा पडलं.

बुडण्याच्या बऱ्याच घटनांमागे लाटेपेक्षा परतीची ओढ असते. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी वाळूच्या बांधांमधल्या खिंडीतून जोरात मागे फिरतं. नेमक्या त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तो शांत दिसतो आणि नवखा माणूस तिथेच उतरतो. पाणी आजूबाजूपेक्षा गढूळ किंवा गडद दिसत असेल, फेस आत वाहत जात असेल, तर ती जागा टाळावी. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहू नये. चांगला पोहणाराही तिच्यापुढे दमतो, आणि खरा धोका त्या दमण्याचा असतो. अंग सैल सोडून तरंगावं, हात वर करून मदत मागावी, जमल्यास किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर पडावं. बागा किनाऱ्याजवळच्या खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी उतरूच नये. खाडीचं पाणी तेव्हा समुद्राकडे धावत असतं.

लाल-पिवळे बावटे जोडीने लावलेले असतात, त्यांच्या मधल्या पाण्यातच पोहावं. नुसता लाल बावटा असेल तर पाण्यात पाय घालू नये. जीवरक्षकांचा नेहमीचा पहारा सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा, म्हणून सूर्यास्त पाहून झाल्यावरची डुबकी सर्वांत धोक्याची. जूनच्या सुरुवातीपासून साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जेट स्की, पॅरासेलिंग बंद असतं. ग्रांदे बेटाजवळचं स्कूबाही पावसाळा संपून पाणी निवळल्यावरच करण्यासारखं. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं २०१९ च्या कायदादुरुस्तीने दंडनीय झालं. त्यामागे काचांनी कापले जाणारे पायही होते आणि प्यायलेल्या अवस्थेत पाण्यात शिरणारी माणसंही.

डोंगराकडच्या गोव्याची कथा रेल्वेपासून सुरू होते. मुरगाव बंदर आणि घाटमाथा जोडणारा मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला, आणि सुमारे ३१० मीटर उंचीचा दूधसागर धबधबा रुळांवरून दिसू लागला. पुढे हे जंगल भगवान महावीर अभयारण्यात आलं. घाटात चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, बोगदे अरुंद, बाजूला उभं राहायला जागा नाही. त्यात धबधब्याच्या आवाजात गाडीची चाहूल लागत नाही. रुळांवरून चालत जाण्याला रेल्वेची बंदी आहे ती यासाठी. रीतसर वाट म्हणजे कुळेंहून वनखात्याच्या परवानगीने जाणारी जीप. ती वाटेत ओढे ओलांडते. ओढ्यांना पूर आला की जीप थांबतात, त्यामुळे हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. जीपची रोजची संख्या ठरलेली असते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचावं. लाइफ जॅकेट कुंडाकाठी काढून ठेवू नका, तळाचे खडक निसरडे आहेत आणि खोली एकदम वाढते. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले. त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतले धबधबे काही काळ बंदच केले.

पावसाळ्यात पाण्यावर जायचंच असेल तर सत्तरी तालुक्यात म्हादई नदी आहे. पर्यटन महामंडळाने २०१२ मध्ये उस्ते ते सोनाळ या सुमारे १० किलोमीटरच्या टप्प्यात राफ्टिंग सुरू केलं. सगळं पावसावर अवलंबून. पाणी कमी पडलं तर राफ्ट खडकांना घासते, फार चढलं तर फेरी रद्द होते. दोन्ही वेळा वाटाड्याशी वाद घालू नये.

चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ चं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे जाता येतं. कांदळवनात होडीने फिरायचं तर भरती हवी, नाहीतर होडी चिखलात रुतते. चिखलात चरणारे पक्षी मात्र ओहोटीलाच दिसतात. जाण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून काय हवं ते ठरवा.