टेम्प्सफर्ड : चांदण्यावर चालणारा विमानतळ

लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर सँडी स्टेशन मागे पडलं की उजवीकडे सपाट शेतं लागतात. इथेच बेडफर्डशर परगण्यातला टेम्प्सफर्डचा लष्करी विमानतळ होता.

तो १९४१ मध्ये सुरू झाला. जागा सखल, पाणथळ आणि धुक्याची. पण १९४२ च्या वसंतात रॉयल एअर फोर्सच्या १३८ आणि १६१ क्रमांकाच्या स्क्वाड्रन इथे आल्या आणि त्याचं काम पार बदललं. बॉम्ब टाकण्याऐवजी माणसं उतरवायची, शत्रूच्या ताब्यातल्या युरोपात. १९४० मध्ये स्थापन झालेल्या स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या गुप्त संघटनेचे हेर, त्यांचे वायरलेस संच आणि स्थानिक बंडखोरांसाठी शस्त्रं इथून जात.

आवारातली जिब्राल्टर फार्म ही शेतवाडी मुद्दाम ओसाड दिसेल अशी ठेवली होती. तिच्या कोठारात हेरांना निघण्यापूर्वी शेवटचं सामान मिळे : पॅराशूट, पिस्तूल, हवी असल्यास विषाची गोळी.

उड्डाणं पौर्णिमेच्या आगेमागे होत. लायसँडर विमानात वैमानिक एकटाच असे. मांडीवर नकाशा, खाली चांदण्यात चमकणाऱ्या नद्या, आणि फ्रान्समधल्या एखाद्या कुरणात तीन टॉर्चचे दिवे. उतरायचं, माणसं बदलायची, काही मिनिटांत परत आकाशात. हे धाडस मला कुठल्याही बॉम्बहल्ल्याहून मोठं वाटतं.

सगळंच यशस्वी झालं नाही. नेदरलँड्समध्ये जर्मनांनी पकडलेल्या वायरलेस संचांवरून लंडनला खोटे संदेश पाठवले आणि सुमारे पन्नास हेर पॅराशूटने थेट त्यांच्या हाती पडले. लंडनला याचा संशय यायला फार उशीर झाला. ही चूक टेम्प्सफर्डच्या वैमानिकांची नव्हती, पण तिची किंमत त्यांनीही मोजली.

१६१ स्क्वाड्रनच्याच लायसँडरमधून जून १९४३ मध्ये नूर इनायत खान फ्रान्सला गेली. विमान सुटलं ते दक्षिण किनाऱ्याजवळच्या टँगमियरहून, कारण तिथून फ्रान्स जवळ. फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. टिपू सुलतानाची वंशज म्हणून आपण तिला ओळखतो, पण तिचं बडोद्याचं नातं सहसा कुणी सांगत नाही. तिचे वडील, सूफी गायक इनायत खान, १८८२ मध्ये बडोद्यात जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तिथे गायनशाळा चालवली. त्या घरातली ही मुलगी पॅरिसमध्ये पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउच्या छळछावणीत मारली गेली. तेव्हा ती तीस वर्षांची होती. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

युद्धानंतर विमानतळाची गरज सरली आणि जमीन पुन्हा शेतीकडे गेली. धावपट्ट्यांचे तुकडे आणि ते कोठार मात्र टिकून आहे. भिंतींवर स्मृतिफलक लागले आहेत. अशा मोहिमांवर गेलेल्या स्त्रियांचं स्मारक टेम्प्सफर्ड गावात २०१३ मध्ये उभं राहिलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या तज्ज्ञगटाने नवीन शहरांसाठी सुचवलेल्या बारा ठिकाणांत टेम्प्सफर्ड आहे, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज रेल्वेचं स्थानकही इथे नियोजित आहे. घरं हवीतच. पण आराखड्यात या कोठाराची आणि त्याभोवतीच्या जमिनीची जागा आधी राखली जावी, मगच बाकीच्या रेषा आखाव्यात.